‘वॉचडॉग आहे’ एवढे उत्तर पुरत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत हँग झालेली यंत्रे स्वतःला कशी सावरतात, यावर आलेला लेख वाचला. वॉचडॉग टायमरसारखा विषय सर्वसामान्य वाचकांपुढे आणल्याबद्दल मनापासून आभार. पण लेखात म्हटले आहे की, हा टायमर चिपमध्येच बसवलेला असल्यामुळे यंत्र अडकले तरी ते आपोआप नव्याने सुरू होते. मी एम्बेडेड, म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेल्या संगणकांच्या, ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ड्रायव्हर (हार्डवेअरचे भाग चालवणारे प्रोग्रॅम) लिहिते आणि इतरांनी लिहिलेले तपासते. या विधानावर विसंबून किती यंत्रे बाजारात जातात ते मी रोज पाहते, म्हणून हे पत्र.

वॉचडॉग म्हणजे उलटी मोजणी करणारा एक काउंटर. तो प्रोसेसरच्या घड्याळावर नव्हे, तर बहुधा स्वतःच्या वेगळ्या घड्याळावर चालतो. शून्यावर पोचायच्या आत सॉफ्टवेअरने तो पुन्हा भरायचा. याला आम्ही ‘किक देणे’ म्हणतो. किक वेळेत आली नाही, तर तो प्रोसेसरला रीसेट करतो. त्याला एवढेच येते. किक कोणी दिली, ती देताना बाकीची कामे चालू होती की नव्हती, यातले त्याला काहीच कळत नाही. म्हणजे सगळी भिस्त किक कुठून आणि कशाच्या आधारावर दिली जाते यावर आहे. चिप बनवणारा हे ठरवत नाही. ड्रायव्हर आणि त्याच्या वरचा प्रोग्रॅम लिहिणारा ठरवतो.

लसी ठेवायच्या फ्रीजवर लावायचे एक तापमान-नोंदणी यंत्र माझ्याकडे तपासायला आले होते. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस या पट्ट्यात ठेवाव्या लागतात, त्यामुळे अशा यंत्रावरचा आकडा म्हणजे औषध टिकले की नासले याची साक्षच. तक्रार अशी होती की, फ्रीज बंद पडलेला असतानाही यंत्र शांतपणे ४.२ अंश दाखवत राहिले. पडद्यावर घड्याळाचे सेकंद नीट पुढे सरकत होते, बटणे दाबली की मेन्यू उघडत होता, आणि कागदपत्रांत ‘हार्डवेअर वॉचडॉग: चालू’ अशी नोंद होती. ती नोंद खरीही होती.

कोड उघडल्यावर दोन गोष्टी सापडल्या. सेन्सरशी आय-टू-सी बसवरून, म्हणजे डेटा आणि क्लॉक अशा दोन सामायिक तारांवरून, बोलणारा ड्रायव्हर ती बस मोकळी होण्याची वाट पाहत एका लूपमध्ये फिरत होता आणि त्या लूपला वेळेची मर्यादाच नव्हती. दुसरे म्हणजे वॉचडॉगची किक टायमर टिकच्या इंटरप्टमध्ये, म्हणजे ठरावीक अंतराने चालू काम थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये, ठेवलेली होती. इंटरप्ट कोणत्याही टास्कच्या (प्रोग्रॅममधल्या स्वतंत्र कामाच्या) डोक्यावरून चालतो. सेन्सरचा टास्क कायमचा अडकला, तरी टिक येतच राहते आणि किक मिळतच राहते. हजेरीपटावर सगळ्यांच्या सह्या एकाच माणसाने ठोकाव्यात, तसला हा प्रकार. पट भरलेला दिसतो, पण कामावर कोण आहे ते त्यावरून कळत नाही.

मी टेबलावर डेटाची तार एका छोट्या वायरने ग्राउंडला टेकवून धरली. ४.२ चा आकडा जागचा हलला नाही आणि सेकंद पळत राहिले. हातात चहाचा कप घेऊनही करता यावी इतकी सोपी ही चाचणी आहे. यंत्र बाहेर पडण्याआधी कोणीतरी ती करायला हवी होती, याचे मला अजून वाईट वाटते, कारण त्या आकड्यावर विश्वास ठेवून कुणीतरी लस टोचणार होते.

किक इंटरप्टमधून काढली आणि एका देखरेख करणाऱ्या टास्ककडे दिली. प्रत्येक टास्कने आपले काम पुरे झाल्यावर, सुरू करताना नव्हे, आपला एक बिट, म्हणजे ‘झाले’ अशी खूण, लावायचा. सेन्सरच्या टास्कने तर नवे आणि वैध वाचन हातात आल्यावरच लावायचा. देखरेखीचा टास्क सगळे बिट लागलेले पाहतो, मग किक देतो आणि बिट पुसून पुन्हा वाट पाहतो. दहा सेकंदांतून एकदा चालणारा टास्क आणि सेकंदाला दहादा चालणारा टास्क यांना एकच मुदत लावून चालत नाही, तेव्हा प्रत्येकाची मुदत वेगळी मोजावी लागते. यात काही फार मोठे शास्त्र नाही. एका दुपारचे काम आहे.

पण इथेच थांबले तर यंत्र रीसेटच्या चक्रात सापडू शकते, आणि हे फार कमी लोक तपासतात. वाचन अर्ध्यावर असताना प्रोसेसर रीसेट झाला, तर सेन्सर मात्र रीसेट होत नाही. त्याचा वीजपुरवठा चालूच असतो. तो आपला शून्याचा बिट तारेवर धरून पुढच्या क्लॉकची वाट पाहत बसतो. प्रोसेसर नव्याने उठतो, बस अडलेली पाहतो, पुन्हा अडकतो, वॉचडॉग पुन्हा रीसेट देतो. उपाय ड्रायव्हरच्या सुरुवातीलाच करायचा: डेटाची तार खाली ओढलेली दिसली तर क्लॉकच्या तारेवर नऊपर्यंत स्पंदने देऊन सेन्सरला तो बाइट संपवू द्यायचा, मग स्टॉप, म्हणजे संवाद संपल्याचा संकेत, द्यायचा. त्या यंत्रात ही स्पंदने घातल्यावरच वॉचडॉगचा रीसेट खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागला. वॉचडॉग बसवणे हे एकट्या वॉचडॉग ड्रायव्हरचे काम नाही असे मी म्हणते, ते यामुळे. बाकीच्या प्रत्येक ड्रायव्हरला ‘मी अर्ध्यावरून रीसेट झालो तर काय?’ हे उत्तर तयार ठेवावे लागते.

मुदत किती ठेवावी, यावर लोक अंदाजाने आकडा टाकतात. एसटीएम३२एफ१ या मायक्रोकंट्रोलरच्या (छोट्या नियंत्रक चिपच्या) लोकप्रिय मालिकेतला स्वतंत्र वॉचडॉग चिपच्या आतल्या संथ आरसी ऑसिलेटरवर, म्हणजे घड्याळाची स्पंदने देणाऱ्या साध्या सर्किटवर, चालतो. त्याची कागदावरची वारंवारता ४० किलोहर्ट्झ, पण डेटाशीटप्रमाणे ती ३० ते ६० किलोहर्ट्झ यांच्यामध्ये कुठेही असू शकते. ६४ ने भागून ६२५ पर्यंत मोजायला सांगितले, तर हिशेबाने नेमका १ सेकंद येतो. प्रत्यक्षात एका चिपवर ती मुदत सुमारे ०.६७ सेकंद असेल, तर दुसरीवर सुमारे १.३३. टेबलावरच्या नमुन्यावर ०.९ सेकंदांनी किक देऊन सगळे सुरळीत चालले, म्हणून तोच कोड हजारो नगांत गेला, तर त्यातले काही नग विनाकारण रीसेट होत राहणार. मग वैतागून कोणीतरी मुदत एकदम कमालीवर नेऊन ठेवतो. ४० किलोहर्ट्झला २५६ ने भागून ४०९६ पर्यंत मोजले, तर ती २६ सेकंदांच्या आसपास जाते. हीटर किंवा मोटर चालवणाऱ्या यंत्रात २६ सेकंद म्हणजे फार झाले.

माझी पद्धत उलटी आहे. यंत्र अडकल्यावर किती वेळात धोका निर्माण होतो, ते आधी ठरवायचे. ती वरची मर्यादा. मग सर्वांत लांब वैध काम कोणते, ते मोजायचे. ती खालची. या दोहोंच्या मध्ये, ऑसिलेटरची सगळी ढिलाई धरून, मुदत बसवायची. ती बसतच नसेल, तर ते लांब काम तोडून लहान करावे लागते. फ्लॅश मेमरीचा मोठा सेक्टर पुसायला काही चिपवर एक-दोन सेकंद लागतात आणि तेवढा वेळ त्याच फ्लॅशमधून कोड वाचणारा प्रोसेसर थबकून राहतो. वॉचडॉगची मुदत त्याहून कमी असेल, तर फर्मवेअरचा (यंत्रातल्या प्रोग्रॅमचा) अपडेट मध्येच तुटतो आणि यंत्र निकामी होऊन पडते. एसटीएम३२मधला हा स्वतंत्र वॉचडॉग एकदा चालू केला की सॉफ्टवेअरने बंद करता येत नाही, हे ज्याला माहीत नसते, तो नेमका इथे फसतो.

एव्हीआर मालिकेतल्या एटीमेगा३२८पी या चिपची गंमत वेगळी आहे आणि ती ठाऊक नसलेल्याला तासन्तास छळते. वॉचडॉगने रीसेट दिल्यावर तिथे वॉचडॉग चालूच राहतो, तोही सर्वांत लहान म्हणजे सुमारे १६ मिलिसेकंदांच्या मुदतीवर. सुरुवातीच्या काही ओळींतच रीसेटचे कारण सांगणारा फ्लॅग पुसून वॉचडॉग हाताळला नाही, तर प्रोग्रॅम मुख्य फंक्शनपर्यंत पोचायच्या आत पुन्हा रीसेट.

लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रांत हाच प्रश्न वेगळ्या वेशात येतो. तिथे ‘/डेव्ह/वॉचडॉग’ ही फाइल उघडली की मोजणी सुरू होते आणि तिच्यात काहीही लिहिले की किक बसते. अनेक यंत्रांत मला एक छोटी शेल स्क्रिप्ट आढळते: लूप, दर दहा सेकंदांनी त्या फाइलमध्ये एक अक्षर लिहायचे, झोपायचे, पुन्हा लिहायचे. मुख्य प्रोग्रॅम मरून पडला तरी ही स्क्रिप्ट इमानेइतबारे चालत राहते. इंटरप्टमधल्या किकचीच ही दुसरी आवृत्ती.

लिनक्सवरच्या सेवा सुरू करणारा आणि सांभाळणारा सिस्टिमडी वापरणारे म्हणतात, आम्ही ‘रनटाइमवॉचडॉगसेक’ लावले आहे. उत्तम, जरूर लावावे. पण त्यातून फक्त पहिली प्रोसेस, म्हणजे सिस्टिमडी स्वतः, जिवंत असल्याचे सिद्ध होते. प्रत्यक्ष काम करणाऱ्या सेवेसाठी ‘वॉचडॉगसेक’ वेगळे लावायचे आणि ‘मी जागा आहे’ हा निरोप त्या सेवेने आपल्या मुख्य कामाच्या फेरीतून पाठवायचा. निरोप पाठवायला स्वतंत्र थ्रेड काढला, तर सगळे मुसळ केरात. शिवाय सेवा पुन्हा सुरू करूनही ती वारंवार पडत असेल, तर पूर्ण यंत्र रीबूट करायचे की नाही, हेही लिहून ठेवावे लागते.

ड्रायव्हरच्या पातळीवरची एक बाब मला विशेष मांडायची आहे. बऱ्याच यंत्रांत बूटलोडरच (ऑपरेटिंग सिस्टिम चढवणारा प्रोग्रॅम) वॉचडॉग चालू करून देतो, आणि ते योग्यच आहे, कारण कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा मूळ भाग, उठतानाच अडकला तरी पहारा असतो. मग लिनक्सच्या ड्रायव्हरने ‘हार्डवेअर आधीच चालू आहे’ असे वॉचडॉगच्या गाभ्याला सांगायचे असते. ते सांगितले की, एखादा प्रोग्रॅम ती फाइल उघडेपर्यंत कर्नल स्वतः किक देत राहतो. सोय चांगली आहे. पण किती वेळ? ‘ओपन-टाइमआउट’ हा पर्याय दिला नाही, तर अमर्याद. म्हणजे मुख्य प्रोग्रॅम कधी उठलाच नाही, एखादी लायब्ररी सापडली नाही म्हणून पहिल्याच ओळीला कोसळला, तरी कर्नल त्या यंत्राला आनंदाने जिवंत ठेवतो. अशी यंत्रे पडद्यावर कंपनीचे चिन्ह दाखवत अनंत काळ उभी असतात. या एका पर्यायाला योग्य आकडा दिला असता, तर त्यातली कितीतरी आपोआप रीबूट झाली असती आणि बूटलोडरमध्ये बूट मोजण्याची व्यवस्था असती, तर आधीच्या चालू आवृत्तीवर परतलीही असती.

तसेच ‘नोवेआउट’, म्हणजे एकदा सुरू केलेला वॉचडॉग थांबवू न देणारा पर्याय. ते चालू नसेल आणि ड्रायव्हर मान्य करत असेल, तर फाइल बंद करण्याआधी इंग्रजी कॅपिटल व्ही लिहून टायमर थांबवता येतो. यंत्र बंद होताना किक देणारा प्रोग्रॅम सभ्यपणे व्ही लिहून निघून जातो आणि त्यानंतर एखादा ड्रायव्हर अडकला, तर पहारा उरलेलाच नसतो. माणसाचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी जाणाऱ्या प्रत्येक यंत्रात नोवेआउट चालू असावे, असे माझे ठाम मत आहे.

आता मूळ लेखात उदाहरण म्हणून अवकाशयानांचा उल्लेख होता, त्याबद्दल. नासाचे मार्स पाथफाइंडर ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक अधूनमधून रीसेट होऊ लागला. त्यावर व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती. माहितीच्या बसचे वेळापत्रक सांभाळणारा टास्क सेकंदाला आठदा जागा होई आणि मागच्या फेरीतले माहितीवाटप पुरे झाले की नाही ते पाहत असे. झाले नसेल, तर रीसेट. हवामानाची मोजमापे हाताळणारा कमी प्राधान्याचा टास्क एक सामायिक कुलूप, म्हणजे म्युटेक्स, धरून असे. तेवढ्यात मधल्या प्राधान्याचे टास्क पुढे घुसत आणि वाटपाचा वरच्या प्राधान्याचा टास्क त्या म्युटेक्ससाठी ताटकळत राही. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या तशाच यंत्रणेवर हा प्रसंग पुन्हा घडवला, कारण शोधले आणि म्युटेक्सचा ‘प्रायॉरिटी इनहेरिटन्स’ हा पर्याय दुरून चालू केला. ही कहाणी नेहमी प्राधान्यांच्या गोंधळाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. मला त्यातला पहारा महत्त्वाचा वाटतो. तिथे ‘संगणक चालू आहे का?’ असे विचारले जात नव्हते. ‘काम पुरे झाले का?’ असे विचारले जात होते. म्हणून तो दोष पकडला गेला.

त्याच्या तीन वर्षे आधी, ७ मे १९९४ रोजी, चंद्राचे नकाशे काढून पुढे जिओग्राफोस या लघुग्रहाकडे जाणाऱ्या क्लेमेंटाइन यानाच्या संगणकात बिघाड झाला. थ्रस्टर चालू राहिले, इंधन संपले आणि लघुग्रहाची भेट रद्द करावी लागली. त्याच्या प्रोसेसरमध्ये वॉचडॉग होता, पण सॉफ्टवेअरने तो वापरात आणलेला नव्हता.

पाथफाइंडरच्या गोष्टीतले आणखी एक काम आपल्याकडच्या यंत्रांत राहून जाते: रीसेट का झाला, याची नोंद. एसटीएम३२मध्ये रीसेटचे कारण सांगणारे फ्लॅग असतात. ते सुरू होताच वाचायचे, जपून ठेवायचे आणि पुसायचे. पुसले नाहीत तर पुढच्या वेळी जुनी-नवी कारणे एकत्र दिसतात. लिनक्समध्ये ‘बूटस्टेटस’ विचारता येते, पण ड्रायव्हर लिहिणाऱ्याने ते भरलेले असेल तरच. कित्येक ड्रायव्हर ते भरतच नाहीत. शक्य असेल तिथे मुदत संपण्याच्या थोडे आधी येणारा ‘प्रीटाइमआउट’ इंटरप्ट वापरावा आणि कोणता टास्क गैरहजर होता, तेवढे तरी रीसेटमध्ये न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत लिहावे. ही नोंद नसेल तर यंत्र दिवसातून अनेकदा मरते आणि उठते, ग्राहकाला कळत नाही, बनवणाऱ्यालाही कळत नाही, आणि दोष वर्षानुवर्षे तसाच राहतो.

आणि रीसेटच्या त्या क्षणी बाकीचे सर्किट काय करते? बहुतेक मायक्रोकंट्रोलरचे पाय रीसेट होताच तरंगते होतात. हीटरचा रिले किंवा व्हॉल्व्ह चालवणाऱ्या तारेला सुरक्षित बाजूकडे ओढणारा एक साधा रेझिस्टर नसेल, तर वॉचडॉगनेच अपघात घडवला असे व्हायला वेळ लागणार नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने सर्किटचा नकाशा मागून हे पाहिलेच पाहिजे.

नव्या अभियंत्यांना माझे सांगणे असते की, डीबग करताना त्रास होतो म्हणून वॉचडॉग बंद ठेवू नका. डीबगरने प्रोसेसर थांबवला की वॉचडॉगही गोठवणारा बिट बहुतेक चिपमध्ये असतो. तो लावा आणि पहिल्या दिवसापासून वॉचडॉग चालू ठेवून काम करा. शेवटच्या आठवड्यात चालू केलेला वॉचडॉग फक्त नको तिथे रीसेट देतो, मग किक जिथे जमेल तिथे पेरली जाते आणि पहारा संपतो.

आपले दैनिक खरेदीच्या निविदा काढणाऱ्या संस्थांतही वाचले जाते. त्यांच्या तांत्रिक अटींत ‘हार्डवेअर वॉचडॉग असावा’ अशी ओळ असते आणि पुरवठादार तिच्यापुढे ‘होय’ लिहितो. माझी विनंती आहे की, त्या ओळीऐवजी चाचणी मागावी. लिनक्सचे यंत्र असेल तर मुख्य प्रोग्रॅमला ‘सिगस्टॉप’ हा सिग्नल पाठवून गोठवावे. मारून टाकू नये, कारण मेलेली प्रोसेस ओळखणे सोपे असते, गोठलेली ओळखणे अवघड. लहान मायक्रोकंट्रोलर असेल तर सेन्सरची डेटाची तार ग्राउंडला लावावी. ठरलेल्या मुदतीत यंत्र रीसेट होऊन सुरक्षित स्थितीत आले का, अडथळा काढल्यावर खरे वाचन पुन्हा दाखवू लागले का आणि नोंदवहीत रीसेटचे खरे कारण लिहिले गेले का, हे खरेदीदाराच्या माणसाने समोर उभे राहून पाहावे. ज्या पुरवठादाराने किक योग्य जागी ठेवली आहे, तो ही चाचणी दहा मिनिटांत करून दाखवील.

आपली,
एम्बेडेड ड्रायव्हर लिहिणारी एक वाचक